नळीतलं गिऱ्हाइकाचं

ता. ३ फेब्रुवारी

चि. पोपटास,

अनेक आशीर्वाद. पत्र लिहायचं कारण इतकंच की फोनवर आपण भांडतो, आणि मी रंगात आले की तुला नेमकी मीटिंग आठवते. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

इकडे सगळं ठीक, म्हणजे पेट्रोलचा भाव पुन्हा वाढला. महिन्यात तिसऱ्यांदा. सकाळी कंपनीचा निरोप येतो, मग मी शिडी लावते आणि बाबांनी रंगवलेले ते पत्र्याचे आकडे खांबावर बदलते. खाली गाड्यांची रांग असते. सगळे माना वर करून माझ्याकडे असे बघतात, जणू तो आकडा मीच रात्रभर बसून काढला. आज एकाने खालूनच विचारलं, की बाई, लाज वाटत नाही का. मी वरूनच सांगितलं की माझ्या स्कूटरलाही हेच पेट्रोल लागतं आणि याच भावाने लागतं. तो म्हणाला, मग उतरा खाली. म्हटलं, मी उतरतेच आहे, आकडा उतरत नाही त्याला मी काय करू!

खूश आहेत ते फक्त तुझे भावोजी. लोकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्यात, त्यामुळे कोपऱ्यातल्या त्यांच्या पंक्चरच्या टपरीवर मान वर करायला फुरसत नाही. परवा म्हणत होते, की मंत्र्यांना एक हार घालायला हवा.

आता मुद्द्याचं. काल रेडिओवर तुझ्या साहेबांचं, म्हणजे मंत्रीमहाशयांचं, भाषण झालं. मी केबिनमध्ये होते, आपला लंबू बाहेर गाड्या भरत होता. साहेब म्हणाले, सरकार पुरेपूर पाठवतं, पण जनतेची टाकी रिकामी, कारण मधली नळी गळकी आहे, आणि ती नळी रस्त्याच्या कडेला पंप टाकून बसली आहे. लंबू आधी हसला. त्याला वाटलं, काहीतरी विनोदी कार्यक्रम चाललाय. मला हसू आलं नाही.

ती नळी बाबांची आहे, पोपट. आपलं मशीन जुनं. मीटर थांबला तरी नळीत थोडं पेट्रोल राहतं, आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असतात. म्हणून नळी खांद्यावर घ्यायची, उंच उचलायची आणि शेवटचा थेंब टाकीत जाऊ द्यायचा. नळीतलं गिऱ्हाइकाचं, हे बाबांनी आपल्याला अ-आ-इ-ईच्या आधी शिकवलं. तुझा हात पुरत नव्हता म्हणून तू खोक्यावर उभा राहायचास. मग बाबांची नळी तुझ्या साहेबांच्या तोंडात कशी गेली? भाषण त्यांनी लिहिलं म्हणू नकोस. त्या माणसाला लायटर भरता येत नसेल.

भाव मी ठरवत नाही. कंपनी ठरवते, त्यावर सरकार कर बसवतं, आणि शिव्या खायला शिडीवर मी. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मला उत्तर हवं, आणि मीटिंग आहे हे उत्तर नको.

लोभ आहेच. वाढवायचा झाला तर भावासारखा एका रात्रीत नको, बेताबेताने वाढव.

तुझी,
अक्का

*

ता. ११ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांच्या देखत उघडलं आणि पहिल्याच ओळीत पोपट! अगं, इथे माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत. या वयात तरी ते नाव सोड.

हो, वाक्य माझं. साहेबांना दुसऱ्या दिवशी बोलायचं होतं आणि त्यांना दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. तुला वाटतं तितकं हे सोपं नसतं. भाव वाढला की आम्ही म्हणतो, मागच्या सरकारने तिजोरी खरवडून ठेवली. मागचे म्हणतात, आमच्या वेळी तिजोरी भरलेली होती, यांनी खाल्ली. मग दोघं मिळून म्हणतो की तेलाच्या विहिरी ज्यांच्या देशात आहेत त्यांचाच हा कावा. हे सगळं लोकांनी दहादा ऐकलेलं आहे. साहेब म्हणाले, काहीतरी नवं दे, डोळ्यांना दिसेल असं दे. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते मी दिलं. पंपवाले असे किती? त्यांची मतं ती किती? मला वाटलं, कुणाला फारसं लागणार नाही आणि आठवड्यात लोक विसरतील. तुझ्या खांबाशी उभं राहून कुणी तुला बोलेल, हे खरंच मनात आलं नाही.

आता रागावू नकोस, एक सूचना देतो. पुढच्या आठवड्यात सगळ्या पंपांना खात्याकडून एक फलक येईल. दरवाढीला मागचं सरकार आणि नफेखोर विक्रेते जबाबदार आहेत, असा काहीसा मजकूर आहे. तो निमूट लाव. वाचतो कोण! न लावणाऱ्याचा परवाना तपासायला घ्यायचा, असं इथे ठरलंय. दगडापेक्षा वीट मऊ, अक्का. महिनाभर टांगून ठेव, मग भावोजींच्या टपरीला आडोसा म्हणून वापर.

भावोजींना नमस्कार. हार मी इथूनच घालतो म्हणावं.

राग थोडा कमी आणि लोभ होता तेवढा ठेवावास, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ
(पोपट नव्हे)

*

ता. २४ फेब्रुवारी

चि. पोपटास (होय, पोपटच, शिकवलेलं बोलतोस ना?),

अनेक आशीर्वाद. आठवड्यात विसरतील म्हणालास. ऐक तर मग.

रस्त्यावर आता नळी ही शिवी झाली आहे. शाळेतून सुटलेली पोरं पंपासमोरून ओरडत जातात, गळकी नळी, गळकी नळी! ते मी हसण्यावारी नेलं. पण गेल्या गुरुवारी लंबूने एका गाडीत पेट्रोल भरलं आणि नेहमीप्रमाणे नळी खांद्यावर घेतली. गाडीवाला उतरला आणि म्हणाला, की ही उचलायची काय भानगड, हीच ती चोरी ना, मंत्र्यांनी सांगितलीय ती. लंबू समजावायला गेला. गाडीवाल्याने नळीला हिसका मारला. नळीतलं सगळं लंबूच्या तोंडावर उडालं, डोळ्यांत गेलं.

मी पाण्याची बादलीच लंबूच्या डोक्यावर ओतली. तुझे भावोजी त्याला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेले. उजवा डोळा बरा आहे, डाव्यावर पट्टी आहे, आणि डॉक्टर म्हणतात, पट्टी सुटल्याशिवाय काही सांगता येणार नाही. लंबू मलाच धीर देतोय, की बाई, एक डोळा पुरे, मीटर एकच आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ज्याने तुला दोन हातांनी सीट धरून सायकल शिकवली, तो हा माणूस. आणि तुला वाटलं, कुणाला फारसं लागणार नाही!

खात्याचा फलक सोमवारी आला. दोन माणसं टेम्पोतून घेऊन आली. मी वाचला आणि सांगितलं, लावणार नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या विरोधातले आले, त्यांचाही फलक, तेवढाच मोठा. त्यात सगळा दोष तुझ्या साहेबांचा. मला म्हणाले, ताई, तुम्ही सरकारला नाही म्हणालात, आता आमचा लावा. त्यांनाही नाही म्हटलं. माझा खांब काय दोघांच्या धुण्याची दोरी आहे? तुम्ही एकमेकांच्या वड्याचं तेल वांग्यावर काढा, माझ्या पंपावर नको. दोघंही फलक टाकून निघून गेले.

तुझी सूचना मात्र मानली. तुमचा फलक टपरीवर छप्पर म्हणून चढला, मजकूर खालच्या बाजूला. भावोजी म्हणतात, पंक्चर काढताना वर बघितलं की राजकारण कळतं. विरोधकांचा मी उलटा केला, मागून पांढरा रंग दिला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: भाव माझ्या हातात नाही. माप माझ्या हातात आहे. बघून घ्या. तो आता खांबावर आहे, आकड्यांच्या बरोबर खाली.

काल नोटीस आली. खात्याचा फलक दिसला नाही तर परवाना काढून घेऊ आणि पंपाला सील ठोकू, असं म्हणतात. बाबांनी ज्या जमिनीवर आयुष्य घासलं ती जागा जाईल, लंबूचं घर उघड्यावर येईल, हे मला कळतं. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पण चोर नसताना चोर आहे असं मी माझ्याच खांबावर लिहायचं? मग पंप राहून तरी काय राहिलं?

लंबूला चार ओळी लिही. माझ्याबद्दलचा लोभ नंतर बघू.

तुझी,
अक्का

*

ता. १ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. हे पत्र ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर हातोहात पाठवतो आहे. वाचलंस की फाडून टाक.

लंबूबद्दल काय लिहू? त्याला लिहायला तीनदा कागद घेतला. प्रत्येक वेळी तेच वाक्य समोर येतं आणि हात थांबतो. उपचाराचं मी बघतो, एवढं त्याला सांग.

दुसरं ऐक. शनिवारी साहेबांचा दौरा तुमच्या रस्त्याने आहे. वाटेत एका पंपावर अचानक उतरायचं, कॅमेऱ्यासमोर स्वतः नळी हातात घ्यायची आणि लोकांना दाखवायचं, की मंत्री जनतेसाठी रस्त्यावर उतरतात. पंप कोणता घ्यायचा ते ठरवताना कुणीतरी त्या उद्धट बाईचा पंप सुचवला. ती उद्धट बाई तू. तुझा फलक इथपर्यंत पोचलाय. पंपावर बोलायचं भाषण लिहायला मलाच सांगितलंय, आणि मला बरोबर जायचंय.

इथे कुणालाही माहीत नाही की मी पंपवाल्याचा मुलगा. आलो तेव्हा व्यापारी घराण्यातला असं सांगितलं होतं, ते तसंच राहिलं. आता सांगितलं तर नळीचं वाक्य कुठून आलं तेही निघेल, आणि साहेब मला दारात उभं करणार नाहीत.

अक्का, पाया पडतो. शनिवारी पंप बंद ठेव. आजारी आहे म्हण, साठा संपला म्हण. गाड्यांचा ताफा पुढे जाईल, दुसरा पंप सापडेल त्यांना. एवढं एकदा ऐक.

तुझाच,
धाकटा

*

ता. ३ मार्च

पोपट,

आशीर्वाद. पत्र फाडलं नाही. फाडण्यासारखं मी काही करत नाही, तूही करू नयेस.

साठा संपला म्हणू? टाकीत पेट्रोल असताना नाही म्हणणं म्हणजेच साठेबाजी. तीच तर तुझ्या साहेबांना माझ्या माथी मारायची आहे. आणि दुसरा पंप सापडेल म्हणतोस, तर तिथे काय दुसऱ्याची बहीण नसते?

पंप उघडा राहील. मी उभी राहीन. लंबू पट्टी बांधून का होईना, उभा राहणार म्हणतो. त्याला नको म्हटलं तर तोच माझ्यावर चिडला. तूही ये. साहेबांच्या मागे लपून नको, नीट पुढे उभा राहा आणि तुझं ते वाक्य लंबूच्या तोंडासमोर म्हण. जमलं तर मी म्हणेन, पोपट मोठा झाला.

येताना स्वेटर आण, सकाळी वारा असतो.

अक्का

*

ता. ७ मार्च

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. शनिवारी साहेबांच्या माणसांनी तुला केबिनच्या दारातच अडवून धरलं होतं. तू आतून ओरडत होतीस तेवढं ऐकू येत होतं, पण गर्दीमुळे पुढचं तुला दिसलं नसणार. लंबूने आणि भावोजींनी आपापल्या परीने सांगितलंच असेल. भावोजींनी तर मीठमसाला लावून. तरी मी लिहितो, कारण हे माझ्याकडून तुला कळायला हवं.

साहेब उतरले तेव्हा रांगेत पहिली होती ती स्कूटरवाली शाळेची बाई, बाबांच्या वेळेपासूनचं आपलं गिऱ्हाईक. साहेबांनी हसत नळी घेतली. कॅमेरे लागले. माझं भाषण त्यांच्या खिशात होतं आणि पहिली ओळ नळीचीच होती. त्यांनी स्कूटर भरली, मीटर थांबला, आणि त्यांनी नळी तशीच मशीनला अडकवली. मग भाषणाचा कागद काढायला खिशात हात घातला.

शाळेची बाई म्हणाली, थांबा, नळी उचलली नाहीत.

साहेबांना कळलं नाही. त्यांना वाटलं, ती आभार मानतेय, म्हणून त्यांनी हात जोडले. बाई पुन्हा म्हणाली, नळीत राहिलंय ते माझं आहे, पैसे मी दिलेत. मागचा रिक्षावाला ओरडला, नळी उचला! त्याच्या मागचा ओरडला. मग अख्खी रांग ओरडायला लागली, नळीतलं गिऱ्हाइकाचं, नळीतलं गिऱ्हाइकाचं! अक्का, हे त्यांना कुणी शिकवलं? तुम्ही रोज उचलताना बघून बघून लोकांना ते पाठ झालं होतं. माझ्या भाषणाने त्यांना नवी शिवी शिकवली होती, पण तुमचं वाक्य त्यांना आधीपासून येत होतं.

साहेब लाल झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, की हे काय चाललंय. समोर लंबू उभा होता, पट्टी बांधून. तो पुढे यायला निघाला, आणि एका डोळ्याने अंतर न कळल्यामुळे त्याचा हात नळीवर न पडता बाजूला गेला. मग मला काही सुचलं नाही. विचारबिचार काही केला नाही, उगाच मोठेपणा घेत नाही. फाईल खाली पडली. मी नळी काढली, खांद्यावर घेतली, उंच धरली. शेवटचा थेंब गेला. तोंडातून आपोआप बाहेर पडलं तेच, जे खोक्यावर उभा राहून म्हणायचो.

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, की हे तू कुठे शिकलास. मी म्हटलं, इथेच. हा माझ्या वडिलांचा पंप आहे, त्या दारात अडवलेली माझी बहीण आहे, आणि गळकी नळी मी लिहिली ती खोटी लिहिली. तेही मोठ्याने म्हटलं. लंबूने ऐकलं. तू ऐकलंस का ते माहीत नाही, पण त्याच वेळी तुझं ओरडणं थांबलं.

परतताना गाडीत मला जागा नव्हती. बसने आलो. सोमवारी टेबलावर पत्र होतं, उद्यापासून येऊ नये. तुझ्या पंपाला सील ठोकायचा हुकूमही त्याच दिवशी निघाला, हे मला जाता जाता शिपायाने सांगितलं. माझी नोकरी गेली त्याचं काही नाही, पण मी उघडा पडूनही तुझा पंप वाचला नाही, हे जास्त लागतं. मला शिव्या दे. हव्या तेवढ्या दे.

लोभ ठेवायला मी लायक असलो, तर ठेव.

तुझा,
पोपट

*

ता. १५ मार्च

चि. पोपटास,

अनेक अनेक आशीर्वाद. ऐकलं. भिंतीला कान लावून ऐकलं. मला अडवणारा तो दांडगा माणूस मला म्हणाला, बाई, आता कशाला रडताय. म्हटलं, तुला काय करायचंय, हो बाजूला.

सील लागलं, ते खरं. मंगळवारी दोघं आले, मशीनला तार बांधली, लाख लावली. मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, पांढरा फलक काढायचा हुकूम तुमच्या कागदात नाही, तेव्हा त्याला हात लावायचा नाही. त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. खरंच नव्हता. तसेच गेले.

मशीन बंद, पण भावाचा निरोप यायचा थांबला नाही. बुधवारी चौथ्यांदा वाढला. मी शिडी लावली आणि आकडा बदलला. रिकामा पंप, रांग नाही, आणि मी वर! तुझे भावोजी खालून म्हणाले, आता कुणासाठी चढतेस. म्हटलं, खरा भाव सगळ्यांना दिसू दे. आकडा माझा नसला तरी खांब माझा आहे.

त्याच संध्याकाळी पुलाजवळच्या पंपवाल्याने त्याच्याकडचा खात्याचा फलक उलटा केला आणि माझंच वाक्य रंगवलं. माझ्याशी वर्षभर बोलत नव्हता तो, गिऱ्हाइकं पळवते म्हणून. दुसऱ्या दिवशी बाजाराजवळच्याने. मग तर बघायलाच नको, रस्त्याने जाताना पांढरे फलक दिसायला लागले. शाळेची बाई सायकल हातात धरून आली, म्हणाली, तुमचा पंप उघडेपर्यंत हीच चालवणार. तिच्या मागोमाग आणखी आले. टपरीवर इतकी गर्दी, की भावोजींनी हाराची कल्पना कायमची सोडली, म्हणतात, पाठ गेली.

काल तेच दोघं परत आले आणि तार तोडून गेले. कागद नाही, कारण नाही, वरून फोन आला एवढंच म्हणाले. सुनावणी अजून व्हायची आहे आणि परवान्याचं काय होईल ते मला ठाऊक नाही. व्हायचं ते होऊ दे. सुनावणीला मी जाणार आहे, तोच फलक काखेत मारून. साहेब रेडिओवर आता पुन्हा विहिरीवाल्या देशांवर घसरलेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणायला लागलेत. ती म्हणही तूच लिहून दिली होतीस का रे?

लंबूची पट्टी सुटली. डाव्या डोळ्याने उजेड दिसतो, माणूस ओळखू येत नाही. वाढेल म्हणतात हळूहळू. त्याने तुझ्यासाठी निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते: पोपटला सांगा, सायकल शिकताना पडला होता तेव्हा मी रागावलो नव्हतो, पण पुन्हा चढायला लावलं होतं.

तर चढ. इथे जागा आहे. पगार तुझ्या आधीच्या पगाराच्या मानाने हसण्यासारखा. पहिलं काम, सकाळी शिडीवर चढून आकडा बदलायचा आणि खालच्या शिव्या ऐकून घ्यायच्या. मला आता गुडघे साथ देत नाहीत. दुसरं काम, लंबूच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. खोकं अजून केबिनच्या मागे आहे, पण तुझी उंची आता पुरते, ते शनिवारी दिसलंच.

निघ. विचार करत बसू नकोस. मनात माझ्याबद्दल जो काही लोभ उरलाय तो सगळा घेऊन ये, नळीत ठेवू नकोस.

तुझी,
अक्का